लाखांतून एक विकर

तुरीचं वाण मर रोगाला टिकतं की नाही हे पाहायचं असेल, तर कृषी शास्त्रज्ञ ते मुद्दाम रोगट रानात पेरतात. त्या रानात फ्युजारियम बुरशी वर्षानुवर्षं जोपासलेली असते. मध्ये मध्ये हमखास मरणाऱ्या वाणाच्या ओळी घातलेल्या असतात. त्या ओळी माना टाकू लागल्या, की रान खरोखर रोगट आहे याची खात्री पटते. एवढ्यातून जी रोपं हिरवी उभी राहतात, तीच पुढच्या हंगामाला घ्यायची. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं बदनापूर तुरीच्या संशोधनासाठी राज्यभर ओळखलं जातं. बीडीएन ७११ आणि बीडीएन ७१६ ही तिथलीच वाणं. जवळच जालना शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली, दावलवाडीला संशोधन केंद्र उभं राहिलं आणि बियाण्यांचा मोठा उद्योग या जिल्ह्यात रुजला. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. हजारो रोपांतून एक नेमकं रोप ओळखणं हे जालन्यात पिढ्या दोन पिढ्या चालत आलेलं कसब आहे.

हेच काम रोपांऐवजी रेणूंवर करायचं ठरवलं, की आपण निर्देशित उत्क्रांतीच्या क्षेत्रात येतो. विकरं, म्हणजे एन्झाइम, ही सजीवांमधली प्रथिनं रासायनिक क्रियांना वेग देतात. कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या पावडरीत, डेनिमच्या धुलाईत, फळांच्या रसात आणि औषधांच्या कारखान्यात ती रोज राबतात. पण जिवाणूच्या किंवा बुरशीच्या पोटात नीट चालणारं विकर कारखान्याच्या टाकीत चालेलच असं नाही. तिथलं तापमान, आम्लता आणि द्रावकं त्याला सोसत नाहीत. मग त्याच्या जनुकात सरसकट बदल करायचे, बदललेली हजारो रूपं जिवाणूंकडून तयार करून घ्यायची, त्यातलं बरं रूप निवडायचं आणि त्याच्यावर पुन्हा तीच फेरी चालवायची. कॅल्टेकच्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला तो याच पद्धतीसाठी.

या कामाचे दोन भाग आहेत, बदल घडवणं आणि निवड करणं. पहिला आता सोपा झाला आहे. पीसीआरच्या मिश्रणात मँगनीज घालून नक्कल करणाऱ्या विकराला चुका करायला लावल्या, की एका दुपारी लाखो निरनिराळी जनुकं हाती येतात. दुसरा भाग अजूनही घाम काढतो. या लाखांतलं चांगलं कोणतं हे कसं ओळखायचं? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यासाठी निघालेल्या पद्धतींना मिळून हाय-थ्रूपुट स्क्रीनिंग म्हणतात. त्यांचा आढावा घेताना दर दिवशी किती रूपं तपासून होतात याचाच हिशेब बहुतेक ठिकाणी मांडला जातो. माझ्या मते तो हिशेब दुय्यम आहे. चाचणी नेमकं काय मोजते यावर सगळं अवलंबून असतं, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यानं या शास्त्रात उतरायचं तर तीच बाजू त्याच्या आवाक्यातली आहे.

तरीही आकड्यांची कल्पना असावी. एखादं विकर ३०० अमिनो आम्लांचं आहे असं धरू. प्रत्येक जागी दुसरी १९ अमिनो आम्लं बसू शकतात, म्हणून एकच बदल असलेली रूपं होतात ५,७००. दोन बदल एकत्र घेतले, तर आकडा १ कोटी ६१ लाखांवर जातो. तीन बदलांना तो ३,००० कोटींच्या पुढे पोचतो. सगळी रूपं तपासणं जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला जमणारं नाही. म्हणून थोड्या रूपांतून चढत जायचं, एक पायरी सापडली की तिच्यावर उभं राहून पुढची शोधायची, हीच रीत.

सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत उघड्या डोळ्यांनी पाहण्याची. जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्याला लागून बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार आहे. उल्कापातानं झालेल्या त्या सरोवराचं पाणी चांगलंच अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. असल्या पाण्यात टिकणारे जिवाणू असली विकरं बाळगतात जी साबणाच्या पाण्यातही शाबूत राहतात, म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक तिथला गाळ वर्षानुवर्षं नेत आले आहेत. प्रथिनं तोडणारं विकर कोणत्या जिवाणूकडे आहे हे शोधायला ते साय काढलेल्या दुधाची पावडर घातलेली आगरची थाळी वापरतात. थाळी पांढुरकी, धुरकट दिसते. गाळाचं विरळ केलेलं पाणी तिच्यावर पसरून ती एक-दोन दिवस उबदार पेटीत ठेवली, की टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती उगवतात. बहुतेकींच्या भोवती काहीच घडलेलं नसतं. एखादीच्या भोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक कडं पडलेलं असतं, कारण तिथलं दुधाचं प्रथिन पचून गेलेलं असतं. थाळी उजेडासमोर धरली, तर त्या कड्यातून पलीकडची बोटं दिसतात. कडं जितकं रुंद तितकं विकर जोमदार, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

अर्नोल्ड यांचा १९९३ चा गाजलेला प्रयोग याच थाळीवर झाला. सबटिलिसिन हे प्रथिन तोडणारं विकर डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात लुळं पडतं. त्यांनी थाळीत दुधातलं केसीन तर घातलंच, शिवाय ते द्रावकही घातलं. त्यामुळे द्रावकात टिकून काम करणाऱ्या रूपांभोवतीच ठसठशीत कडं दिसलं. काही फेऱ्यांनंतर मिळालेलं रूप ६० टक्के द्रावकात मूळ विकरापेक्षा २५६ पट चपळ होतं. थाळी तीच होती, तिच्यात घातलेल्या एका गोष्टीनं प्रश्न बदलला. ज्याची चाचणी कराल तेच हाती येईल, हा या क्षेत्रातला पहिला नियम अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेनंच रूढ केला. पुढच्या प्रत्येक पद्धतीकडे पाहताना तो आठवावा लागतो.

कड्याच्या पद्धतीत प्रत्येक वसाहत नजरेखालून जावी लागते. रोगट रानात ती गरज नसते, कारण कमकुवत रोपं आपोआप मरतात. विकरांच्या बाबतीतही हे साधतं, मात्र जिवाणूचं जगणं त्या विकरावर अवलंबून असायला हवं. विलेम स्टेमर यांनी १९९४ मध्ये ते दाखवलं. प्रतिजैविक निकामी करणाऱ्या बीटा-लॅक्टमेज या विकराच्या जनुकाचे त्यांनी तुकडे केले, तुकडे आपसांत मिसळून पुन्हा जोडले आणि असे जिवाणू सेफोटॅक्सिम या प्रतिजैविकाच्या थाळीवर वाढवले. प्रत्येक फेरीत प्रतिजैविकाची मात्रा वाढवत नेली. शेवटी हाती आलेले जिवाणू मूळच्या ३२,००० पट मात्रा सोसत होते. इथे मोजायचं काहीच नव्हतं. जे उरलं ते घ्यायचं, मग थाळीवर लाखो पेशी टाका की कोट्यवधी. रुग्णालयांतल्या जिवाणूंनी हाच मार्ग आपल्या परीनं चालून दाखवला आहे, हे विसरून चालणार नाही.

ही पद्धत ताकदवान, पण तिला फसवणंही सोपं. जिवाणूला जगायचं असतं, आपल्या विकराशी त्याला देणंघेणं नसतं. औषध बाहेर फेकणारा पंप वाढवून किंवा पेशीची भिंत बदलूनही तो जगतो, आणि थाळीवर उगवलेली निम्मी माणकं मग खोटी निघतात. दुसरी अडचण अशी, की उद्योगाला लागणाऱ्या बहुतेक क्रियांचा जिवाणूच्या जगण्याशी संबंधच नसतो. पॉलिस्टर तोडून जिवाणूचं पोट भरावं अशी जोडणी करायला कधी कधी विकर सुधारण्याहून जास्त वेळ जातो.

म्हणून प्रत्यक्षात सर्वाधिक काम होतं ते ९६ खाचांच्या प्लास्टिकच्या प्लेटवर. हंगेरीत ग्युला टाकात्सी यांनी १९५१ मध्ये हाती घडवलेली ही प्लेट आज प्रत्येक रक्तचाचणी केंद्रात दिसते. बारा ओळी, आठ रांगा, एका खाचेत एक रूप. विकरानं तोडल्यावर पिवळा रंग सोडणारा नायट्रोफिनॉलचा रेणू खाचेत घातला, की यंत्र ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात सगळ्या खाचांची पिवळेपणाची नोंद मिनिटाभरात घेतं. ३८४ आणि १,५३६ खाचांच्या प्लेटाही आहेत, पण त्यांत द्रव भरायला यंत्रमानव लागतो.

प्लेटचं गणित मुळात समजलं, तर पुष्कळ पैसा वाचतो. विकरातली एकच जागा निवडून तिथे सगळी अमिनो आम्लं आळीपाळीनं बसवायची झाली, तर प्रचलित पद्धतीत ३२ प्रकारचे संकेत तयार होतात. त्यातला जवळपास कोणताही निसटू नये, म्हणजे ९५ टक्के खात्री हवी, तर सुमारे ९४ वसाहती उचलाव्या लागतात. एक प्लेट पुरते. दोन जागा एकदम बदलल्या, तर आकडा ३,००० च्या वर जातो. तीन जागांना जवळपास ९८,०००, म्हणजे हजाराहून जास्त प्लेटा. साध्या प्रयोगशाळेनं कुठे थांबावं हे इथेच कळतं.

प्लेटवर चुका होतात त्याही ठरावीक. कडेच्या खाचांतलं पाणी आधी उडतं, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तर फारच लवकर. मग कडेची रूपं उगाच सरस दिसू लागतात. काही खाचांत जिवाणूच कमी वाढलेले असतात, तिथलं चांगलं विकर मार खातं. म्हणून प्लेटवर मूळ विकराच्या काही खाचा आणि विकर नसलेल्या काही खाचा ठेवायलाच हव्यात. रोगट रानात हमखास मरणाऱ्या वाणाच्या ओळी असतात त्याच कारणानं. या दोन गटांच्या सरासरीतलं अंतर आणि त्यांचा विखुरलेपणा यांवरून चाचणीचा दर्जा सांगणारा एक आकडा १९९९ मध्ये सुचवला गेला, त्याला झेड-प्राइम म्हणतात. तो ०.५ च्या वर असेल, तर चाचणी विश्वासाची. आपल्याकडच्या प्रबंधांत हा आकडा पुरेशा नेमानं दिला जात नाही. हे मला खटकतं, कारण त्यावाचून पुढच्या सगळ्या आकड्यांना आधार राहत नाही.

रंग सोडणारा रेणू सोयीचा असतो, पण आपल्याला तो रेणू तोडायचा नसतो. खऱ्या पदार्थावर चाचणी करायला अनेकदा द्रव-वर्णलेखन लागतं, तिथे एका नमुन्याला काही मिनिटं जातात आणि दिवसाला शे-दोनशेच नमुने होतात. तरीही या क्षेत्रातलं एक फार मोठं यश असल्या संथ चाचणीवर उभं आहे. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिन या औषधाचं पेटंट भारतात जुलै २०२२ मध्ये संपलं आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या औषध दुकानांत ही गोळी स्वस्त झाली. ती बनवण्यातल्या एका टप्प्यावर पूर्वी प्रचंड दाबाखाली, ऱ्होडियम या महाग धातूच्या साहाय्यानं क्रिया घडवली जायची. कोडेक्सिस आणि मर्क या कंपन्यांनी त्या टप्प्यासाठी ट्रान्सअमिनेज जातीचं विकर घडवलं आणि ते २०१० मध्ये जाहीर केलं. मूळ विकर त्या रेणूला स्पर्शही करत नव्हतं. आधी छोट्या, मिळत्याजुळत्या रेणूवर त्याला वळवलं, मग खऱ्या रेणूवर आणलं, आणि प्रत्येक फेरीत द्रावक, तापमान आणि कच्च्या मालाचं प्रमाण कारखान्यातल्या स्थितीकडे सरकवलं. शेवटच्या रूपात २७ बदल होते आणि त्याच्याकडून मिळणारं औषध ९९.९५ टक्क्यांहून अधिक एकाच आरशी रूपाचं होतं. शेवटच्या फेऱ्यांतली चाचणीची खाच म्हणजे कारखान्याच्या टाकीचंच लहान रूप होतं. या यशाचं श्रेय मी तिला देतो.

आता आपल्या कापसाकडे येऊ, कारण विकराची गोष्ट आणि कापसाची गोष्ट एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांचा जगातला मुख्य पुरवठादार ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी. तिचा मूळ वंश, क्यूएम६ए, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या कुजणाऱ्या सुती तंबूवर सापडला. कापूस खाणारी बुरशी म्हणून सैन्याला तिचा धाक होता. पुढे एल्विन रीस आणि सहकाऱ्यांनी तीच उपयोगाला आणली. सत्तरच्या दशकात रटगर्स विद्यापीठात अतिनील किरणं आणि रसायनं वापरून तिच्यात बदल घडवले गेले, थाळीवर कडी पाहून निवड झाली आणि आरयूटी-सी३० हा भरघोस विकर सोडणारा वंश मिळाला. पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याच्या आजच्या उद्योगाची बरीच मदार त्या वंशावर आणि त्याच्या वारसांवर आहे.

जालना जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी उरकली, की पऱ्हाट्या उपटल्या जातात. फरदड, म्हणजे हंगामानंतरही लांबवलेलं कापसाचं पीक, घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असं कृषी विभाग बजावतो, कारण किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून राहते. थोडी पऱ्हाटी जळणाला जाते, बरीच बांधावर पेटवली जाते. त्या काडीत सेल्युलोज भरपूर आहे, मात्र ते लिग्निनच्या कडक आवरणात अडकलेलं. ही काडी तोडणारं विकर घडवायचं तर चाचणी कशावर घ्यायची? बहुतेक प्रयोगशाळा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज वापरतात. ते पाण्यात विरघळतं, थाळीत नीट पसरतं, काँगो रेड रंग ओतून धुतलं की विकराभोवतीचं कडं फिकट उमटतं. चाचणी देखणी आहे, पण ती पऱ्हाटीबद्दल फारसं काही सांगत नाही. विरघळलेल्या साखळीवर धावणारं विकर स्फटिकासारख्या घट्ट सेल्युलोजवर आल्यावर अडखळतं, आणि लिग्निनला चिकटून वाया जाणारं विकर तर या थाळीवर ओळखूच येत नाही. विरघळणाऱ्या पदार्थावर निवडून आणलेली सेल्युलेजं खऱ्या काडीवर निराशा करतात, याबद्दल या विषयातल्या अनुभवी लोकांनी वारंवार सावध केलं आहे. ती विकरं नापास झाली म्हणण्यापेक्षा त्यांना भलताच पेपर दिला होता असं म्हणावं लागेल.

वेगाच्या टोकाला गेलेल्या पद्धती आता पाहू. पेशी एकेक करून लेझरसमोरून नेणारं आणि चमकणाऱ्या पेशी बाजूला काढणारं यंत्र, ज्याला प्रयोगशाळेत सगळे फॅक्स म्हणतात, सेकंदाला हजारो पेशी तपासतं. अट एवढीच, की विकराच्या कामातून तयार होणारी चमक त्याच पेशीला चिकटून राहिली पाहिजे. चमक पेशीबाहेर पसरली, तर कोणती पेशी गुणी हे कळणार कसं? डॅन टॉफिक आणि अँड्र्यू ग्रिफिथ्स यांनी १९९८ मध्ये त्याला उत्तर शोधलं. तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब करायचे आणि प्रत्येक थेंबात एक जनुक, त्याचं विकर आणि त्या विकरानं केलेलं काम कोंडायचं. एक मिलिलिटर मिश्रणात असे १,००० कोटींपर्यंत थेंब मावतात. पुढे केसाएवढ्या नळ्यांच्या चिपांवर एकसारखे थेंब पाडून ते विजेच्या झटक्यानं वेगळे करता येऊ लागले. हार्वर्डच्या गटानं २०१० मध्ये हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या विकराची १० तासांत सुमारे १० कोटी परीक्षणं केली, आणि सगळी रसायनं मिळून १५० मायक्रोलिटरही लागली नाहीत. यंत्रमानवाच्या मानानं वेग हजार पट, खर्च दहा लाख पटींनी कमी.

हे वाचताना उत्साह येतो, आणि तो खोटा नाही. पण थेंबांच्या मर्यादा नीट समजून घ्यायला हव्यात. चमकणारे बरेच रेणू तेलातून शेजारच्या थेंबात झिरपतात. शिवाय चमकणारा रेणू हा पुन्हा खऱ्या पदार्थाचा बदली खेळाडू, म्हणजे पहिला नियम इथेही सुटत नाही. केंब्रिजमध्ये चमकेऐवजी साधा रंग ओळखून थेंब वेगळे करण्याची युक्ती निघाली, तिनं पदार्थांची निवड वाढली, वेग मात्र घटला. पऱ्हाटीची पूड तर त्या केसाएवढ्या नळीतून जातच नाही, नळी तुंबते. एका थेंबाचं आकारमान लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या पटीत मोजतात, तिथे काडीचा कण शिरणार कुठे?

जालन्याच्या जिव्हाळ्याचा खरा धागा एका वेगळ्याच पद्धतीशी जुळतो. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं महिकोच्या तीन संकरित बीटी कापूस वाणांना मान्यता दिली. त्यांत क्राय१एसी हे जिवाणूचं विषारी प्रथिन होतं. अळीनं पान खाल्लं, की हे प्रथिन तिच्या आतड्यातल्या ठरावीक ग्राहक रेणूंना चिकटून आतडं फोडतं. त्या रेणूंपैकी एक कॅडहेरिन. २००६ मध्ये दुसरं प्रथिन जोडलेली बोलगार्ड-२ आली. गुजरातेतली गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला दाद देत नाही हे २०१० मध्ये जाहीर झालं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांनी दोन्ही प्रथिनं असलेल्या पिकात किडकी बोंडं वेचली. भारतातल्या प्रतिकारक्षम अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात नाना तऱ्हेचे बदल आढळल्याचा अभ्यास २०१४ मध्ये आला. आपण एका प्रथिनावर थांबलो होतो, अळीची उत्क्रांती मात्र शेतोशेती चालू होती.

याच क्राय१एसीवर डेव्हिड लियू यांच्या हार्वर्डमधल्या गटानं, मोन्सँटोच्या शास्त्रज्ञांसोबत, २०१६ मध्ये अखंड उत्क्रांतीची पद्धत चालवली. तिचं नाव पेस. जिवाणूंना ग्रासणारा एक विषाणू घ्यायचा, त्याला पुढची पिढी वाढवायला लागणारं जनुक काढून जिवाणूत ठेवायचं आणि ते चालू होणं आपल्याला हव्या त्या प्रथिनाच्या यशाशी बांधायचं. टाकीतून जिवाणूंचा प्रवाह सतत वाहता ठेवला जातो. ज्या विषाणूकडचं प्रथिन काम साधतं तो वाढतो, बाकीचे वाहून जातात. माणसाला थाळी उचलावी लागत नाही की खाच भरावी लागत नाही. शास्त्रज्ञांनी कोबीवरच्या लूपर अळीचं कॅडहेरिन लक्ष्य ठेवलं. मूळ क्राय१एसी त्या रेणूला चिकटत नव्हतं. ५०० हून अधिक पिढ्यांनंतर मिळालेली रूपं त्याला घट्ट चिकटू लागली, आणि बीटीला सरावलेल्या लूपर अळीवर ती मूळ प्रथिनापेक्षा ३३५ पटींपर्यंत प्रभावी ठरली. क्राय१एसी हे विकर नव्हे, आणि लूपर म्हणजे गुलाबी बोंडअळी नव्हे. या प्रयोगातून उद्या आपल्या शेतात काही येणार असं कुणी समजू नये. पण अळी बदलते तसं प्रथिनही बदलत नेता येतं हे त्यानं दाखवलं, आणि बीटीचं पहिलं बियाणं ज्या शहरातल्या कंपनीनं देशाला दिलं तिथल्या तरुण संशोधकांना या प्रयोगाचा शोधनिबंध वाचलाच पाहिजे असं वाटलं पाहिजे.

अलीकडे संगणकानं या खेळाचा पट बदलला आहे. डेव्हिड बेकर, डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांची रचना आखण्यासाठी आणि ओळखण्यासाठी मिळालं. त्याचा स्क्रीनिंगवर सरळ परिणाम झाला, कारण कुठे बदल करावा हे आधी कळलं तर कमी रूपं तपासावी लागतात. फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीनं तूलूजच्या संशोधकांसोबत पेट प्लास्टिक तोडणारं विकर सुधारलं, तेव्हा रचना पाहून ११ जागा निवडल्या आणि प्रत्येक जागी १९ पर्याय तपासले. एकूण रूपं २०९. तीन प्लेटांतही जागा उरावी इतकी. २०२० मध्ये त्यांनी १० तासांत ९० टक्के प्लास्टिक तोडून दाखवलं. टेक्सासच्या गटानं २०२२ मध्ये यंत्रशिक्षणानं सुचवलेल्या बदलांतून असंच आणखी एक विकर आणलं. या मार्गाला दरवेळी कोट्यवधी थेंब लागत नाहीत, पण संगणकाला शिकवायला अचूक, एकसारखे मोजलेले आकडे लागतातच. वाईट चाचणीचे दहा लाख आकडे देऊन तो शिकत नाही, चांगल्या चाचणीचे काही शे आकडे दिले तर बरंच शिकतो.

महाराष्ट्राजवळ या कामाची पूर्वतयारी आहे. पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सनं पेनिसिलिन बनवलं आणि मातीचे नमुने चाळून १९६१ मध्ये हॅमायसिन शोधलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन तोडणाऱ्या असायलेज विकरांचा दीर्घ अभ्यास झाला, त्यातल्या एकाची त्रिमिती रचना यॉर्क विद्यापीठाच्या साथीनं १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. उद्योगाला लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. ठाण्याची अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम्स कंपनी याच व्यवसायात आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या ऊर्जा जैवविज्ञान केंद्राच्या तंत्रावर उत्तराखंडात काशीपूरला दिवसाला १० टन काडीकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. पऱ्हाटीपासून भाताच्या पेंढ्यापर्यंत कोणताही माल २४ तासांच्या आत अल्कोहोलपर्यंत नेता येतो असं तेव्हा सांगण्यात आलं. त्याच संस्थेचं मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. म्हणजे पऱ्हाटी इथे, ती तोडण्याची विद्या ज्या संस्थेत आहे तिची शाखाही इथे.

या संकुलाकडून किंवा जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांकडून थेंबांच्या चिपा आणि लेझर यंत्रांची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ९६ खाचांची प्लेट, तिचा रंग मोजणारं यंत्र आणि डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची साखर-चाचणी पुरेशी आहे. ही चाचणी १९२१ पासूनची. साखर सुटली असेल तर उकळल्यावर पिवळं द्रावण विटकरी होतं. सेल्युलेजातल्या एकेका जागेसाठी एकेक प्लेट, अशी दहा-बारा जागांची मोहीम पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक तुकडी वर्षभरात पार पाडू शकते. मोसंबीचंही तसंच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण रस काढून ठेवला की कडवटतो, आणि तो कडवटपणा तोडणारी विकरं घडवायला खऱ्या रसातच चाचणी घेता येईल.

अडचण येते ती खाचेत घालायच्या काडीची. पऱ्हाटी प्रत्येक शेतातली वेगळी. काळ्या भारी जमिनीतली जाड, हलक्या रानातली बारीक. लवकर उपटलेली ओलसर, उन्हात महिनाभर पडलेली खडखडीत. पुडीचे कण थोडे मोठे-लहान झाले, तरी सुटणाऱ्या साखरेचा आकडा बदलतो. मग एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीला पडताळता येत नाही. जिवाणूंचे वंश जसे एका संग्रहात जपून सर्वांना दिले जातात, तसा पऱ्हाटीच्या पुडीचा प्रमाणित साठा हवा. भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर अशा तालुक्यांतून माल गोळा करायचा, एका जात्यावर दळून एका जाळीतून काढायचा, वाळवून हवाबंद पाकिटांत भरायचा. प्रत्येक पाकिटावर वाण, गाव, उपटल्याची तारीख, सेल्युलोज आणि लिग्निनचं मोजलेलं प्रमाण लिहायचं. काही क्विंटल माल महाराष्ट्रातल्या सगळ्या इच्छुक प्रयोगशाळांना कित्येक वर्षं पुरेल, आणि तो जमवायला कोणत्याही परदेशी यंत्राची गरज नाही. फक्त बांधावर काडी लागण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या आत, कुणीतरी शेतकऱ्यांकडे पोचलं पाहिजे.